डिजिटल मानव आणि संमतीचे तत्त्व

संगणकाने घडविलेल्या, हुबेहूब माणसासारख्या दिसणाऱ्या व बोलणाऱ्या प्रतिमेस ‘डिजिटल मानव’ म्हणतात. १९९४ मध्ये निधन पावलेले ब्रिटिश अभिनेते पीटर कुशिंग २०१६ च्या ‘रोग वन’ या चित्रपटात असेच अवतरले. दुसऱ्या नटाच्या अभिनयावर त्यांचा संगणकीय चेहरा चढविण्यात आला होता. वारसांनी परवानगी दिली होती. मात्र खुद्द दिवंगत अभिनेत्याची इच्छा काय असती, हा प्रश्न उरतोच.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे अशी नक्कल आता सहजसाध्य झाली आहे. युनेस्कोच्या १९३ सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वीकारलेल्या शिफारशींत मानवी प्रतिष्ठा, पारदर्शकता व उत्तरदायित्व यांवर भर आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी कलावंतांनी ११८ दिवस संप केला. त्यानंतरच्या करारात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती व मोबदल्याच्या अटी आल्या. मुंबई उच्च न्यायालयानेही जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या विनापरवाना नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले.

नामवंतांना न्यायालयाचे दार ठोठावता येते. सामान्य माणसाचा चेहरा आणि आवाजही तितकाच त्याचा स्वतःचा असतो. त्यामुळे आधी संमती घेणे, प्रतिमा कृत्रिम असल्याचे सांगणे आणि परिणामांची जबाबदारी स्वीकारणे, ही निर्मात्याची किमान कर्तव्ये ठरतात.