भूमिगत विद्युत् केबलींचे जोडकाम

केबलीचे दोन तुकडे सांधणे व तिचे टोक यंत्राला जोडण्याजोगे बंदिस्त करणे, यास जोडकाम म्हणतात. केबल कारखान्यात तयार होते. जोड मात्र बहुधा रस्त्यातील खड्ड्यात, हातांनीच करावा लागतो. म्हणून केबलीचा सर्वांत दुर्बल भाग जोडच ठरत आला आहे.

फेरांटी यांच्या डेटफर्ड–लंडन वाहिनीत (१८९१) दाब १०,००० व्होल्ट होता आणि तुकडे अवघे सुमारे ६ मी. लांबीचे होते. साहजिकच जोड हजारोंच्या संख्येने आले. मेणात भिजविलेल्या कागदाचे निरोधन निमुळते कापून टोके एकमेकांत दाबून बसवीत. या वाहिनीचे काही भाग १९३३ पर्यंत टिकले, यातच त्या कारागिरांची खरी पावती आहे.

पुढे शिशाच्या आवरणाची, तेलयुक्त कागदी निरोधनाची केबल रूढ झाली. कागद हवेतील ओलावा शोषतो. म्हणून जोडारी त्याची पट्टी तापलेल्या मेणात बुडवून पाही. बुडबुडे फुटून तडतड झाली, की तेवढा भाग कापून टाकावा लागे. नंतर जोडावर शिशाची नळी बसवून तिच्या कडांवर शिसे-कथिलाचा वितळलेला डाख चरबी लावलेल्या कापडाने फिरवीत. हे कसब नळकाम करणाऱ्यांकडून आलेले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टिक निरोधनाच्या केबली व उष्णतेने आकसणारी आवरणे आल्यावर डाखकाम मागे पडले. सुरीची धार मात्र निर्णायकच राहिली. निरोधनावर पडलेली बारीक चीर चाचणीत दिसतेच असे नाही. पोकळीत सूक्ष्म विसर्जन होत राहते आणि जोड कित्येक महिन्यांनी फुटतो.