मुलाखतीची कसोटी आणि नाशिक

परीक्षेचे भय आपल्या मध्यमवर्गीय घरांना नवे नाही. पण मुलाखतीचे भय त्याहून निराळे असते. लेखी परीक्षेत पेपर नापास होतो. मुलाखतीत माणूसच नापास झाला, असे उमेदवारास व त्याच्या आईबापांस वाटते. समोर बसलेल्या परीक्षकांनी नेमके काय पाहिले, हे त्यांना कधीच कळत नाही. म्हणून मुलाखत ही कशाची परीक्षा आहे आणि तिची तयारी म्हणजे काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. या प्रश्नाशी नाशिक शहराचा संबंध फार जुना आहे, तो येथे सांगावा असे आम्हांस वाटते.

१९१८ साली सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात दरसाल दहा जागा हिंदी तरुणांसाठी राखून ठेवण्यात आल्या. अर्ज जिल्ह्याच्या अंमलदारामार्फत वर जात आणि अखेरची नेमणूक व्हाइसरॉयच्या हाती असे. अशा निवडीत मुलापेक्षा मुलाचे घराणे अधिक बोलके ठरे, यात नवल नाही. काही जाती तेवढ्या लढाऊ, हा सिद्धांत सरकारदरबारी रूढ होता. इंग्रजी बोलण्याची सफाई आणि टेबलाशी बसण्याची रीत यांनाही अवास्तव मोल असे. शंकरराव थोरातांसारखे मराठी तरुण या वाटेने १९२६ साली अधिकारी झाले, हे खरे. परंतु सामान्य शिक्षित कुटुंबास ती वाट जवळजवळ बंदच होती. पुरेसे लायक उमेदवार मिळत नाहीत, अशी सरकारची तक्रार होती. लायकी घडविणाऱ्या शाळाच देशात किती आहेत, हा त्यावर आपला प्रतिप्रश्न होता.

या प्रतिप्रश्नाला कृतीचे रूप देण्याचा एक यत्न नाशिकात झाला. नागपूरचे नेत्रवैद्य डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे हे १९३१ च्या चेटवुड समितीचे सभासद होते. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, डेहराडूनचे लष्करी विद्यालय सुरू झाले. तेथे प्रवेश मिळवू शकतील अशी मुले लहानपणापासून तयार व्हावीत, या हेतूने डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकास भोंसला मिलिटरी स्कूल काढले. त्यांचा व्यापक हेतू हिंदूंच्या लष्करी पुनरुत्थानाचा होता, आणि १९३१ साली इटलीत पाहिलेल्या फॅसिस्ट युवकसंस्थांची त्यांच्या मनावर मोठी छाप होती. त्या आदर्शाचा शेवट काय झाला, ते जगाने पाहिले. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. तथापि जी चाचणी अर्ध्या तासाची असते तिची तयारी अनेक वर्षांची असावी लागते, हे त्यांनी ओळखले होते, एवढे मान्य केले पाहिजे.

पण दोष केवळ तयारीत नव्हता, परीक्षेतही होता. याची कबुली महायुद्धाने दिली. केवळ मुलाखत घेऊन निवडलेले पुष्कळ उमेदवार प्रशिक्षणात अपात्र ठरू लागले, तेव्हा ब्रिटनने १९४२ साली मानसशास्त्रज्ञांच्या साह्याने नवी निवडमंडळे नेमली. १९४३ साली ती पद्धती हिंदुस्थानात आली आणि स्वातंत्र्यानंतरही टिकली. आज भोपाळ, प्रयागराज, बंगळूरु आदी ठिकाणी सैन्याची निवडमंडळे तिच्याच आधारे काम करतात.

तिची रचना ध्यानी घेण्यासारखी आहे. पाच दिवस उमेदवार मंडळाच्या आवारात राहतो. मानसशास्त्रज्ञ त्याच्याकडून चित्रांवरून गोष्टी लिहवून घेतो. साठ शब्द एकामागून एक दाखवून प्रत्येकास पंधरा सेकंदांत मनात येईल ते लिहावयास लावतो. दुसरा अधिकारी म्होरक्या न नेमलेल्या गटास फळ्या, दोर आणि पिंपे देऊन अडथळे ओलांडावयास सांगतो. तिसरा मुलाखत घेतो. तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवितात आणि अखेरच्या दिवशी सभेत ते पडताळून पाहतात. मनसा, वाचा, कर्मणा माणूस एकच आहे की नाही, हे पाहण्याची ही युक्ती होय. येथे मुलाखत हा सबंध निकाल नसून त्याचा एक तृतीयांश साक्षीदार आहे.

मग तयारी कशाची करावयाची? नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात महाराष्ट्रातील युवकांसाठी या मुलाखतीचे सुमारे दहा दिवसांचे वर्ग चालतात. राहण्याजेवण्याचा खर्च घेतला जात नाही. खेड्यातून आलेल्या मुलास परीक्षेचे स्वरूप कळावे, चारचौघांत बोलण्याचा संकोच मोडावा, आपल्या जिल्ह्याची, शिक्षणाची व छंदांची नीट माहिती सांगता यावी, एवढे दहा दिवसांत खचित साधते; आणि ज्याच्या घरी हे सांगणारे कोणी नाही, त्याला ते फार मोलाचे आहे. परंतु पाठ केलेली उत्तरे येथे उलट घात करतात. धैर्याची गोष्ट लिहिणारा मुलगा मैदानात फळी दुसऱ्याच्या हाती देऊन मागे सरला, तर त्याची गोष्टच त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

दरवाजा अजून रुंदावतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळू लागला. २०२३ साली राज्य सरकारने मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था नाशिकातच काढली. आणि २०२५ च्या मे महिन्यात प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. १९१८ सालच्या कोणत्याही परीक्षकास ही लायकी दिसली नसती, कारण तो ती पाहतच नव्हता.

म्हणून आमचे पालकांस एवढेच सांगणे आहे. मुलगा वा मुलगी मुलाखतीत मागे पडली, तर तिच्या योग्यतेचा निवाडा झाला असे समजू नये. मोजण्याची मापे काळाबरोबर बदलत आली आहेत. मात्र माप कोणतेही असो, जे आपण मनात धरतो, तेच बोलण्याची व करण्याची सवय कधी वाया जात नाही. ती सवय दहा दिवसांच्या वर्गात लागत नाही, घरात लागते.