पेटी आणि संगीताचा वर्ग

हिंदुस्थानी गायकास त्याची पट्टी विचारली असता तो 'काळी एक' किंवा 'काळी पाच' असे उत्तर देतो. पेटीला मैफलीत स्थान देऊ नये असे मानणारा गायकही तंबोरा जुळविण्यासाठी हीच भाषा वापरतो. पेटीविषयीचा वाद मुख्यतः साथीच्या प्रश्नाभोवती फिरत राहिला. या वाद्याने शिक्षणात जे बदल घडविले, त्यांची चर्चा त्यामानाने कमी झाली.

१८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिस येथे अलेक्झांद्र दबाँ याने सिद्ध केलेले हे वाद्य युरोपीयांबरोबर भारतात आले. कलकत्त्यात शौरींद्रमोहन ठाकूर यांनी १८७४ मध्ये 'हार्मोनियम सूत्र' हा शिक्षणग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच शहरात द्वारकानाथ घोष (१८४७–१९२८) यांनी १८७५ मध्ये वाद्यांचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे हाताने भाता चालविण्याची पेटी रूढ केली. पायपेटी खुर्चीवर बसून वाजवावी लागे. हातपेटी बैठकीत आली. मात्र डावा हात भात्यावर गेल्याने पट्ट्यांसाठी एकच हात उरला. पियानोच्या अध्यापनात दोन्ही हातांचे स्वातंत्र्य आणि स्वरमेळ यांवर भर असतो; येथे तो भागच गळून पडला. परदेशी वाद्य स्वीकारताना त्याची अध्यापनपद्धती मात्र मागेच राहिली, ही बाब लक्षणीय आहे.

बडोद्यात मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ठरावीक अभ्यासक्रम, स्वरलिपी, परीक्षा आणि एकत्र बसणारे विद्यार्थी, अशी ही नवी व्यवस्था होती. गुरुगृही शिष्याला तंबोऱ्याच्या आधाराने उरलेले स्वर स्वतः शोधावे लागत. चुकले तर गुरू थांबवीत. वर्गात प्रत्येकाचा गळा असा तपासणे अवघड असते. तेथे पेटी उपयोगी पडली. स्वराचे नाव, पुस्तकातील चिन्ह आणि पट्टी या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडल्या गेल्या. ज्या घरात पूर्वी गाणे नव्हते, त्या घरातील मुलामुलींना पुस्तक आणि पेटी एवढ्या सामग्रीवर आरंभ करता आला. ही सोय लहान मानता येणार नाही.

तिची किंमतही होती. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर असतो. समविभाजित सप्तकाच्या पेटीवर तो ४०० सेंटांवर ठेवलेला असतो. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर हा फरक चौदा सेंटांचा होतो. तयार कानाला तो खटकतो. नवशिक्याला मात्र पेटीचाच गंधार प्रमाण वाटू लागतो. शिवाय पेटीचा मोठा नाद विद्यार्थ्याचा हुकलेला स्वर झाकून टाकतो. पेटी स्वर दाखविते, पण चूक दाखवीत नाही. शिक्षणाच्या दृष्टीने हा दोष मींड न निघण्याच्या दोषापेक्षा अधिक गंभीर म्हणावा लागेल.

कृ. ब. देवल आणि मुलकी सेवेतील अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी उपाय म्हणून श्रुती-हार्मोनियम पुढे आणले. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ते मांडले गेले, परंतु त्याला मान्यता मिळाली नाही. दोष केवळ स्वरपट्टिकांच्या मापात आहे, असे या प्रयत्नाने गृहीत धरले होते. दरबारीचा आंदोलित गंधार मात्र कोणत्याही एका बिंदूवर थांबत नाही. त्यासाठी बाविसावी किंवा तेविसावी पट्टी जोडून भागत नाही. तरीही हा ध्यास संपला नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी एकविसाव्या शतकात बावीस श्रुतींची पेटी घडविली.

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला प्रक्षेपणात बंदी केली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये या वाद्यावर टीका केली होती. रवींद्रनाथांचाही विरोध होता. १९७१ मध्ये ही बंदी अंशतः उठली आणि साथीला मुभा मिळाली. मधल्या एकतीस वर्षांत ध्वनिक्षेपकासमोरून पेटी गेली, वर्गातून गेली नाही. बंदीच्या समर्थकांना श्रोत्यांचा कान जपायचा होता. पण पुढच्या पिढीचा कान ज्या वर्गात घडत होता, तेथे या नियमाचा अंमल नव्हता. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्यांनी पेटीला मिळविलेली प्रतिष्ठा या काळात रंगभूमी आणि मैफल यांच्या आधारावर टिकली; शिक्षकाच्या पेटीला प्रतिष्ठेची गरजच नव्हती.

आज पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. त्यावरील स्वरांच्या खुणा बहुधा पाश्चात्त्य अक्षरांत छापलेल्या असतात. मराठी विद्यार्थी त्या 'काळी एक', 'पांढरी दोन' अशाच वाचतो, मग त्याच्या घरी पेटी असो वा नसो.