नव्या आवृत्तीचे दाम किती?



कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांचा ओतकामाचा व्यवसाय आहे, त्यांना एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. फौंड्रीतून आलेले कास्टिंग लेथवर चढवले आणि कातताना आत ब्लोहोल निघाला, म्हणजे ओतताना हवा कोंडून पोकळी राहिलेली दिसली, की तो जॉब परत जातो आणि फौंड्रीवाला तो बदलून देतो. दोष ओतणाऱ्याचा, म्हणून भुर्दंडही त्याचाच. पण उसाच्या चरकाच्या लाटा चार हंगाम चालून झिजल्या, तर गुऱ्हाळवाला कारखानदाराशी भांडायला जात नाही; ती झीज आहे, तिचे पैसे तो मुकाट्याने मोजतो. आणि जास्त रस काढणारा मोठा चरकच हवा असेल, तर ती सरळ नवी खरेदी झाली. दोष, झीज आणि नवी सोय, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे दाम वेगळे, हे आपल्याकडच्या साध्या कारागिरालाही पटलेले आहे.

आजचा विषय मात्र लोखंडाचा नाही. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली, म्हणजे करणाऱ्याने तिचे किती पैसे घ्यावेत, हा आजचा प्रश्न. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावर बोट पडले की अक्षर कुठे जायचे, कागद छापायला कधी सोडायचा, कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारात अडवायचे, हे सारे तो पाहतो. या कारभाऱ्याची गंमत अशी, की त्याला झीज नाही. लोखंड झिजते, आज्ञावली झिजत नाही. दहा वर्षांपूर्वीची आज्ञावली आजही अक्षर न अक्षर तशीच असते. मग आपल्या तीन गोष्टींपैकी दोनच उरतात : दोष आणि नवी सोय. आणि सारा घोटाळा होतो तो या दोहोंची एकच मोट बांधून विकली जाते म्हणून.

थोडा मागचा इतिहास पाहू. १९६० च्या दशकात मोठे संगणक देणाऱ्या कंपन्या आज्ञावलीचे वेगळे दाम लावीत नसत. यंत्राच्या भाड्यात किंवा किमतीत सारे आले. २३ जून १९६९ रोजी अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने जाहीर केले, की यापुढे काही आज्ञावली आणि सेवा यांचे दर वेगळे राहतील. आज्ञावलीच्या स्वतंत्र बाजाराची वाट या घोषणेने मोकळी केली. पण एक बारकावा ध्यानात घ्या. यंत्र चालवणारा मूळ कारभारी तेव्हाही यंत्राबरोबरच राहिला. दर लागले ते वरच्या कामाच्या आज्ञावलींना. म्हणजे ज्याच्याशिवाय यंत्र निव्वळ लोखंड, ते यंत्राच्या किमतीतच असावे, ही समजूत तेव्हा होती.

पुढे घरगुती संगणक आले. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स या तरुणाने हौशी संगणकवाल्यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्याचे म्हणणे असे, की यंत्राचे पैसे तुम्ही देता आणि आज्ञावली मात्र फुकट उतरवून घेता, मग ती लिहिणाऱ्याने जगायचे कसे? प्रश्न रास्त होता. आज्ञावलीची पहिली प्रत तयार करायला माणसांची वर्षानुवर्षे खर्ची पडतात आणि दुसऱ्या प्रतीला जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून तिची किंमत ठरवणे हे गुळाच्या ढेपेची किंमत ठरवण्यासारखे सोपे नाही. ढेपेत ऊस किती, जळण किती, गुळव्याची मजुरी किती, हा हिशेब कागदावर मांडता येतो. इथे तसा हिशेब मांडायचा झाला, तर गिऱ्हाइके किती मिळणार याचा अंदाजच आधी बांधावा लागतो.

दर कसे चढले-उतरले, याचे ॲपल कंपनीचे उदाहरण पाहा. मार्च २००१ मध्ये तिने आपली नवी प्रणाली १२९ डॉलरना विकायला काढली. ती संथ होती, अपुरी होती. सप्टेंबरमध्ये सुधारलेली आवृत्ती आली, ती आधीच्या गिऱ्हाइकांना फुकट दिली गेली. ब्लोहोल निघालेले कास्टिंग बदलून दिले म्हणा ना! पण ऑगस्ट २००२ मध्ये पुढची आवृत्ती आली, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकालाही पुन्हा १२९ डॉलरच पडले; सवलत नाही, आणि त्यावर कुरकुरही झाली. २००९ मध्ये हाच दर २९ डॉलरवर आला, २०१२ मध्ये २० डॉलरच्या आत उतरला, आणि ऑक्टोबर २०१३ पासून तो शून्य झाला. मायक्रोसॉफ्टनेही जुलै २०१५ मध्ये विंडोज १० काढताना जुन्या गिऱ्हाइकांना पहिले वर्षभर ती मोफत दिली.

आता कुणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला की! फुकट मिळते, आणखी काय पाहिजे? तसे नाही. फुकटाचे पैसे कुठून तरी यावेच लागतात. ॲपल यंत्र आणि प्रणाली दोन्ही विकते, तेव्हा प्रणालीचे दाम यंत्राच्या किमतीत मिसळले गेले. दुसरीकडे ते जाहिरातींतून, दुकानावरच्या वाट्यातून, दरमहा वर्गणीच्या सेवांतून वसूल होऊ लागले. दाम गेले नाही, त्याची जागा बदलली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासात एक प्रकरण फार जिव्हाळ्याचे आहे, ते म्हणजे मराठी अक्षरांचे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली, आणि भारतीय लिप्या संगणकावर आणणारे जिस्ट हे तंत्र तिने पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घराघरांतल्या छापखान्यांत पोचली. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंतची जुळणी या आज्ञावलींवर झाली. विकत घेतलेली प्रत एकाच यंत्रावर चालावी म्हणून तिच्याबरोबर एक छोटे कुलूप येई. ते संगणकाच्या पाठीमागे खोचले तरच अक्षरे उमटत. म्हणजे त्या काळी संगणकाचे पैसे वेगळे, कारभाऱ्याचे वेगळे, आणि कारभाऱ्याला मराठी यावे म्हणून तिसरे!

मग २००० साली विंडोज २००० आली आणि तिच्यात देवनागरी आतूनच आली. आधार होता युनिकोड या जागतिक मानकाचा. नवी आवृत्ती घेण्यासारखी सोय कोणती, असे विचाराल तर मराठी माणसासाठी ही. हिचे पैसे मागितले तर ते वाजवी म्हणावे लागतील. पण इथेच दुसरी बाजूही दिसली. जुन्या आज्ञावलींत प्रत्येकाची अक्षरांची मांडणी आपापली होती. वर्षानुवर्षांचा जुळवलेला मजकूर नव्या मांडणीत उघडला की वाचता येईना, सारी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तो पुन्हा बदलून घेण्याचे कष्ट कोणाच्या दरपत्रकात नव्हते, पण छापखानेवाल्याने ते मोजलेच. २००५ पासून भारत सरकारने आधी तमिळ, मग हिंदी आणि नंतर इतर भाषांच्या अक्षरांच्या तबकड्या मोफत वाटल्या, त्याने बराच भार हलका झाला.

त्याच २००५ सालच्या सुमारास स्वस्ताईचाही एक प्रयोग झाला. भारतासारख्या देशांसाठी विंडोज एक्सपीची ‘स्टार्टर’ आवृत्ती निघाली, हिंदीतही निघाली. दर कमी, पण एका वेळी तीनपेक्षा जास्त कामाच्या आज्ञावली उघडायच्या नाहीत, असे बंधन. बैल स्वस्तात द्यायचा आणि एक पाय बांधून द्यायचा, त्यातलाच हा प्रकार.

आता येतो तो सगळ्यांत नाजूक मुद्दा : दोषाचा. कारभाऱ्यात राहून गेलेली फट चोराला सापडली, तर पतसंस्थेची खाती, दवाखान्याची टिपणे, शाळेचे निकाल सारे उघडे पडते. ही फट बुजवणाऱ्या ठिगळाला पॅच म्हणतात. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. पण ब्रिटनच्या सरकारने ५५ लाख पौंड मोजले आणि त्याच्या सरकारी यंत्रांना आणखी वर्षभर ठिगळे मिळत राहिली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली, ब्रिटनमधल्या इस्पितळांचे काम अडले, तेव्हा कंपनीने एक्सपीचे ठिगळही सर्वांना फुकट खुले केले. दर मोजणाऱ्यांसाठी एक्सपीची डागडुजी तोवर चालूच होती. म्हणजे अडचण ठिगळ शिवण्याची नव्हती, ते कोणाला द्यायचे याची होती.

हाच प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा उभा राहिला. त्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. पुढची विंडोज ११ फुकट आहे खरी, पण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चकती आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे त्या यादीत बसत नाहीत. दाम शून्य, पण दार बंद! ज्यांना जुनेच ठेवायचे त्यांच्यासाठी जाहीर झालेले दर असे : घरगुती गिऱ्हाइकाला एका वर्षाचे ३० डॉलर, किंवा आपल्या यंत्राच्या मांडणीची नोंद कंपनीच्या साठ्यात ठेवण्याची तयारी. धंद्याच्या यंत्राला पहिल्या वर्षी ६१, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४ डॉलर. शाळेच्या यंत्राला १, २ आणि ४ डॉलर. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या घरगुती गिऱ्हाइकांना हे वर्ष मोफत झाले.

बेरीज करून पाहा. तीन वर्षांचे शाळेला ७ डॉलर, आणि दहा संगणकांच्या एखाद्या पतसंस्थेला यंत्रामागे ४२७, म्हणजे एकूण ४,२७०. ठिगळ तेच, सुई तीच, दोरा तोच. शाळेला स्वस्त दिले याबद्दल कोणी नाक मुरडू नये. ऐपत पाहून दर लावण्यात काही वेळा न्यायही असतो. पण जे ७ डॉलरनाही देता येते आणि युरोपातल्या घरी फुकटही देता येते, त्याचा दर खर्चावरून ठरलेला नाही, एवढे उघड होते. तो ठरला आहे गिऱ्हाईक किती अडलेले आहे यावरून.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. एकदा घेतलेल्या पैशावर जन्मभर चाकरी करा, असे कोणत्याही कारागिराला सांगता येणार नाही. जुन्या आवृत्त्यांची डागडुजी करायला जाणती माणसे बसवून ठेवावी लागतात. चोरांच्या नव्या युक्त्या विक्रीच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतात. हे सारे मान्य. यावर उपाय म्हणजे मुदत, आणि ती आधी सांगितलेली. विंडोज १० ची शेवटची तारीख आधीपासून जाहीर होती, हे खरे; पण कंपनी ती जानेवारी २०२३ अखेरपर्यंत विकत होती. त्या महिन्यात घेणाऱ्याच्या वाट्याला तीन वर्षेही आली नाहीत. मुदत पहिल्या विक्रीपासून मोजायची की शेवटच्या, यात गिऱ्हाइकाचे सारे हित सामावलेले आहे.

युरोपने याबाबतीत कायदा केला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या आणि २०२७ अखेरीस पूर्ण लागू होणाऱ्या त्यांच्या सायबर-सुरक्षा कायद्यात सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे देखभाल, आणि सुरक्षेची ठिगळे विनामूल्य, असे बंधन आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. त्या विचारात पाना-पक्कडीने होणाऱ्या दुरुस्तीबरोबर ठिगळांचीही गणना व्हायला हवी.

तेव्हा दाम किती, याचे उत्तर आपल्या उद्यमनगरच्या रिवाजातच सापडते. दोषाची दुरुस्ती जाहीर मुदतीपर्यंत फुकट असावी, आणि ती मुदत शेवटच्या विक्रीपासून मोजून खोक्यावर छापावी. नव्या सोयीचे पैसे कारागिराने खुशाल घ्यावेत, जुन्या गिऱ्हाइकाला थोडी सूट द्यावी. पण सोय नको म्हणणाऱ्याची दुरुस्ती अडवू नये. आणि मुदत संपली, की त्या यंत्रावर दुसरा कारभारी बसवायची वाट मोकळी ठेवावी. लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली आहेत, सी-डॅकने तिच्यावर बेतलेली बॉस ही प्रणाली काढलेली आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांनी तर मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे मुले शिकवली आहेत.

पुढच्या वेळी संगणक घ्यायला दुकानात जाल, तेव्हा वेग किती आणि साठा किती हे विचाराच. पण त्याबरोबर ‘याची ठिगळे कोणत्या सालापर्यंत मिळणार?’ एवढेही विचारा, आणि ते साल बिलावर लिहून मागा.