रसेल यांची क्रिमियातील वार्तापत्रे

१२. ‘टाइम्सचा बातमीदार’ : विल्यम हॉवर्ड रसेल. लंडनच्या ‘द टाइम्स’ने त्यांना १८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर पाठवले. बालाक्लाव्हाची लढाई २५ ऑक्टोबरची. तिचे वार्तापत्र छापून आले १४ नोव्हेंबरला. पुढे हिवाळ्यातल्या पत्रांत त्यांनी पराक्रमाऐवजी चिखलात कुडकुडणारे, औषधपाण्यावाचून मरणारे शिपाई दाखवले, आणि लोकक्षोभ असा उसळला की जानेवारी १८५५मध्ये अ‍ॅबर्डीन मंत्रिमंडळ कोसळले. हे धैर्य आजही आदर्श मानावे असे आहे. लष्कराला मात्र ते खुपले. फेब्रुवारी १८५६मध्ये, युद्ध संपत आले असताना, सेनापती कॉड्रिंग्टन यांनी शत्रूच्या उपयोगी पडेल असा मजकूर धाडणाऱ्या बातमीदाराला छावणीबाहेर काढण्याचा हुकूम सोडला. ब्रिटिश लष्करी सेन्सॉरशिपची सुरुवात येथूनच धरावी. १८५८ साली लखनौच्या मोहिमेची वार्तापत्रेही रसेल यांनीच लिहिली.