न शोधता सापडलेला कर्करोग

गळ्यावरची सूज वाढत जाते, गिळताना त्रास होऊ लागतो, म्हणून गलगंडाची शस्त्रक्रिया होते. गाठ साधी आहे असे आधीच्या तपासण्यांत दिसलेले असते. पण काढलेल्या अवटू (थायरॉईड) ग्रंथीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, गाठीपासून दूर कोपऱ्यात काही मिलिमीटरचा कर्करोग आढळतो. अहवालातला तो एक शब्द वाचून सारे घर हादरते. ही भीती कितपत खरी, हे समजण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ.

एकोणिसाव्या शतकात आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीनच्या अभावामुळे गलगंड सर्रास आढळे. तेव्हा चिंता एकच होती : शस्त्रक्रियेतून रोगी वाचेल का? बर्न येथील थिओडोर कोखर यांनी रक्तस्राव काटेकोरपणे रोखून ती सुरक्षित केली. मात्र संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे सुस्त व मंद होतात, हेही त्यांनीच १८८३ मध्ये प्रांजळपणे मांडले. अवटू ग्रंथीवरील कार्यासाठी १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथी काढण्याची किंमत शरीराला मोजावी लागते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढे ग्रंथीची तपासणी बारकाईने होऊ लागली आणि नवा प्रश्न उभा राहिला. १९८५ मध्ये फिनलंडमधील हराख, फ्रान्सिला व वासेनियस यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या १०१ अवटू ग्रंथींचे दर २-३ मिलिमीटरवर काप घेतले. त्यांपैकी ३६ ग्रंथींत 'पॅपिलरी' प्रकारचा छुपा कर्करोग निघाला! बहुतेक गाठी तर १ मिलिमीटरहूनही लहान होत्या. म्हणजे असा ठिपका बाळगून माणसे आयुष्य पूर्ण करतात.

मग जिवंत रुग्णांत या गाठींचे काय होते? जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ पासून १ सेंटिमीटरपर्यंतच्या, धोक्याची लक्षणे नसलेल्या गाठींवर शस्त्रक्रिया न करता नुसती देखरेख सुरू झाली. २०१४ मध्ये १,२३५ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के रुग्णांत गाठ ३ मिलिमीटर वा अधिक वाढली. या कर्करोगाने मृत्यू एकाचाही झाला नाही.

याउलट दक्षिण कोरियात अल्ट्रासाउंड तपासणीचा प्रसार झाल्यावर २०११ मधील नोंदींचे प्रमाण १९९३ च्या सुमारे पंधरा पट झाले, पण मृत्यूचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. तांदूळ निवडताना चष्मा लावला की खडे जास्त दिसतात; म्हणून तांदूळ बिघडला असे होत नाही.

अर्थात मोठी, ग्रंथीबाहेर किंवा लसीकाग्रंथींत पसरलेली गाठ वेगळी. तिला उपचार हवेतच. पण अचानक सापडलेल्या, ग्रंथीच्या आतच असलेल्या एकुलत्या सूक्ष्म ठिपक्यासाठी सहसा पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. म्हणून 'कर्करोग' या शब्दाशी न थांबता, तो केवढा, कुठे आणि कसा सापडला, हे आपण डॉक्टरांना विचारायला हवे. विद्यार्थ्यांनाही हेच प्रश्न विचारायला शिकवू या.