गारपिटीचे बहात्तर तास

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेरात बर्फ पडत नाही. पडतात त्या गारा, आणि थंडीच्या दिवसांत त्या दाट पडल्या की रान पांढरंधोप होतं. 26 नोव्हेंबर 2023, रविवार, त्रिपुरारी पौर्णिमा. त्या दिवशी पडलेल्या गारांचा हा घटनाक्रम.

तीन महिने आधी

1901 पासून नोंदी आहेत, त्यांतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट 2023 चा. पारनेर तालुका पर्जन्यछायेत, त्यामुळे इथं त्याची झळ जास्तच. विहिरीत जे पाणी उरलं ते लोकांनी कांद्यासाठी राखून ठेवलं. त्याआधी एप्रिलमध्ये वादळी पावसानं आणि गारांनी तालुक्यातल्या वनकुट्याची दैना केली होती. 11 एप्रिलला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे तिथल्या बांधावर येऊन गेले होते. म्हणजे नोव्हेंबरातला हा एका वर्षातला दुसरा घाला.

चोवीस तास आधी

हवामान विभागाचा इशारा आलेला: पश्चिमी झंझावात, त्यात समुद्रावरून येणारं बाष्प, मध्य आणि उत्तर महाराष्ट्रात विजांसह पाऊस, काही ठिकाणी गारपीट. इशारा खरा होता. पण त्यात जिल्हा कळतो, शिवार कळत नाही. काढलेला माल ताडपत्रीखाली जातो, जनावरं गोठ्यात जातात. एकरभर उभ्या कांद्यावर काय घालायचं, याला कुणाकडेच उत्तर नाही.

सहा तास आधी

रानात काय होतं ते नीट पाहू, कारण पंचनाम्यात ते एका रकान्यात उरकतं. काही वावरांत रांगडा कांदा पोसायला लागलेला. वाफ्यांत गावरान, म्हणजे रब्बी कांद्याचं रोप, डिसेंबरात लागवडीला येणारं. ज्वारी वाढीला लागलेली. यातलं रोप सर्वांत नाजूक: सुतळीइतकंही जाड नाही, आणि पुढच्या सहा महिन्यांचा सगळा हिशेब त्याच्यावर.

एक तास आधी

नोव्हेंबरात न शोभणारा उकाडा, मग काळवंडलेलं आभाळ. अशा ढगात हवा जोरानं वर चढते आणि पाण्याचे थेंब गोठणरेषेच्या वर नेते. तिथं शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेले थेंब बर्फाच्या कणाला चिकटतात आणि गार पोसत जाते. वर चढणाऱ्या हवेला तिचं वजन पेलेनासं झालं की ती सुटते. अडीच-चार सेंटीमीटरची गार जमिनीवर येते ती ताशी 40 ते 65 किलोमीटर वेगानं.

गारा

दुपारनंतर पारनेरच्या सांगवी सूर्या, गांजीभोयरे, वडुले, पानोली या भागात मारा झाला. त्याच दिवशी नाशिक जिल्ह्यात निफाडकडच्या द्राक्षबागाही झोडपल्या गेल्या आणि शेजारच्या गुजरातेत वीज पडून वीसहून जास्त माणसं गेली. गारपीट सगळीकडे सारखी पडत नाही, पट्ट्यानं पडते. बांधाच्या अलीकडे होत्याचं नव्हतं होतं, पलीकडच्या शिवारात नुसती सर येऊन जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

एक तासानंतर

सऱ्यांमध्ये गारांचे थर. अशा वेळी ‘काश्मीर झालं’ म्हणत व्हिडिओ फिरतात. पण काश्मीरचा बर्फ भुरभुर पडतो आणि खालच्या पिकाला पांघरूण होतो. गार फोडून जाते. कांद्याची पात हातात घेतली तर नळी मधोमध चिरलेली आणि आत पाणी. दोन-चार दिवसांत तिथूनच करपा रोग शिरतो. मानेत पाणी उतरलं की गाठ सडते. रोपाचा तर चिखलच. पुन्हा बी टाकलं तर लागवडीजोगं रोप यायला सहा-सात आठवडे. तोवर अर्धा जानेवारी सरतो आणि कांदा पोसायच्या वेळी उन्हाळा येतो.

बहात्तर तास

ज्याचा पीक विमा होता त्याला नुकसानीची पूर्वसूचना 72 तासांत द्यायची होती: ॲपवर, टोल-फ्री क्रमांकावर किंवा कृषी कार्यालयात. फोटो काढायचा, गट नंबर टाकायचा, पावती जपायची. पण रब्बी ज्वारीचा विमा भरायची मुदत 30 नोव्हेंबर आणि रब्बी कांद्याची 15 डिसेंबर होती. मुदत शिल्लक म्हणून थांबलेल्यांवर गारा त्याआधीच पडल्या.

बारा दिवसांनी

8 डिसेंबरला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. गारांतून ज्याचं वाचलं होतं, त्याचं भाव पडून बाजारात गेलं.

पाच आठवड्यांनी

1 जानेवारी 2024 च्या शासन निर्णयानं मदत ठरली: जिरायतीला हेक्टरी 13,600 रुपये, बागायतीला 27,000, तीन हेक्टरपर्यंत. मदत वाढवून दिली हे मान्य. तिनं बी-खतांचा खर्चही धड भागत नाही, हेही तितकंच खरं.

आणि नंतर

खरीप 2025 पासून राज्यानं एक रुपयात मिळणारा पीक विमा बंद केला, आणि त्याबरोबर 72 तासांत कळवून वैयक्तिक भरपाई मिळवून देणारी स्थानिक आपत्तीची तरतूदही काढली. तेव्हापासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरीवर. पट्ट्यानं पडणारी गार या सरासरीत दिसणारच नाही, कारण पलीकडच्या शिवाराचं चांगलं पीक ती झाकून टाकतं. विमा बंद करताना गैरवापराचं कारण दिलं गेलं; तो झाला असेल तर करणाऱ्याला पकडावं. गारपिटीची वैयक्तिक भरपाई आणि ते बहात्तर तास सरकारनं शेतकऱ्याला परत द्यावेत.